रिपोर्टवरचे 'पीडी-एल-१' म्हणजे काय? कॅन्सरची गाठ आणि पांढऱ्या पेशी एकमेकींशी काय बोलतात

तोंडाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट मोठ्या दवाखान्यात गेला की आजकाल फाइलमध्ये एक जादा कागद येतो. त्यावर 'पीडी-एल-१' असे लिहिलेले असते आणि पुढे एक आकडा. कुणाचा १, कुणाचा २०, कुणाचा ६०. डॉक्टरांपुढे रांग असते. 'इम्युनोथेरपीचा विचार करता येईल' एवढे सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळतात. खर्च ऐकून नातेवाईक बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसतात. मग गावाकडे फोन होतात, एकरभर रान काढायचे का यावर बोलणे सुरू होते. ज्या आकड्यावरून हे सगळे चालले आहे, त्याचा अर्थ मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतो.

तो आकडा म्हणजे एका प्रथिनाची मोजणी. प्रथिन म्हणजे प्रोटीन. डाळीत, अंड्यात असते ते खरेच, पण शरीरातल्या पेशींची बहुतेक कामे वेगवेगळी प्रथिने करतात. पेशी एकमेकींशी 'बोलतात' तेही प्रथिनांतूनच. एकीच्या अंगावरचे प्रथिन दुसरीच्या अंगावरच्या प्रथिनात कुलूप-किल्लीसारखे बसले की निरोप पोहोचला.

दारात ठेवलेला घास

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या टी-पेशी म्हणजे गस्तीवरचे पहारेकरी. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचा एकेक घास दारात मांडून ठेवते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका खास वाटीत घालून पेशीच्या बाहेरच्या बाजूला धरलेले असतात. टी-पेशी दारोदार फिरते आणि तो घास ओळखीचा आहे का ते बघते. ओळखीचा असेल तर पुढे जाते. विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा असेल तर त्या पेशीला तिथेच मारते.

कॅन्सरची पेशी ही आपलीच, पण बिघडलेली. तिच्या दारातला घासही बऱ्याचदा वेगळा असतो. म्हणजे टी-पेशीला ती सापडायला हवी. अनेकदा सापडतेही. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर कॅन्सरच्या पेशींच्या आजूबाजूला टी-पेशी दाटीने उभ्या दिसतात. उभ्या असतात, पण काही करत नाहीत. पहारेकरी चोराच्या उंबऱ्यावर येऊन गप्प का बसतो, हे कोडे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे सुटत नव्हते.

उत्तर दोन प्रथिनांत निघाले. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. तो तिचा ब्रेक. समोरच्या पेशीने पीडी-एल-१ नावाचे प्रथिन पुढे केले आणि ते या ब्रेकवर बसले की टी-पेशी थंडावते. ही सोय शरीराने चांगल्या कामासाठी केलेली आहे. ब्रेक नसता तर टी-पेशी आपल्याच अवयवांवर तुटून पडल्या असत्या. पीडी-१ नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले तेव्हा नेमके तेच झाले; त्यांची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच शरीरावर उलटली. कॅन्सर काय करतो, तर शरीराचीच ही सोय आपल्या ढालीसाठी वापरतो.

याहून चमत्कारिक भाग पुढे आहे. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचे प्रथिन आजूबाजूला सोडते. ती तिची हाळी समजा. कॅन्सरच्या पेशीला ही हाळी ऐकू जाते आणि ती अंगावर आणखी पीडी-एल-१ चढवते. म्हणजे ढाल बऱ्याचदा हल्ला झाल्यावर येते. रिपोर्टवर पीडी-एल-१ जास्त दिसला की नातेवाइकांना वाटते, रोग जास्त आहे. तसे नसते. काही वेळा जास्त आकड्याचा अर्थ असा की टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचल्या होत्या, झटापट झाली आणि मग त्यांना थोपवण्यात आले. अशा ठिकाणी ब्रेक सोडवला तर लढाई पुन्हा सुरू होण्याची आशा जास्त असते.

जपानमधला शोध, अमेरिकेतला भुईमूग शेतकरी

पीडी-१ सापडला १९९२ साली, जपानच्या क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत. ते कॅन्सरचे औषध शोधत नव्हते. पेशी स्वतःहून मरतात त्यामागे कोणते जनुक आहे याचा शोध चालला होता आणि हाताला हे लागले. त्याचे काम ब्रेकचे आहे हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. तिकडे अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन हे टी-पेशीच्या दुसऱ्या एका ब्रेकवर काम करत होते. त्याचे नाव सीटीएलए-४. हा ब्रेक अडवणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, त्यांनी उंदरांना टोचली आणि गाठी विरघळल्या. अ‍ॅलिसन लहान असताना त्यांची आई कॅन्सरने गेली होती. दोघांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधांचे नाव जगभर झाले ते जिमी कार्टर यांच्यामुळे. अमेरिकेचे हे माजी राष्ट्राध्यक्ष मूळचे भुईमूग पिकवणारे शेतकरी. २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांना त्वचेच्या जातीचा कॅन्सर निघाला. यकृतात आणि मेंदूत पसरलेला. शस्त्रक्रिया झाली, शेक दिला आणि पीडी-१ अडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तपासणीत कॅन्सर दिसेनासा झाला. कार्टर त्यानंतर नऊ वर्षे जगले, शंभरी गाठून २०२४ च्या डिसेंबरात वारले. हे उदाहरण खरे आहे, पण सगळ्यांचे तसे होत नाही. त्याचे आकडे खाली येतील.

जनुक म्हणजे कृती, प्रथिन म्हणजे भाकरी

आता प्रश्न असा की दोन पेशींमधले हे बोलणे माणसाला ऐकू आले कसे? नुसती जनुके तपासून ते कळत नाही. जनुक म्हणजे भाकरीची कृती. वहीत कृती लिहिलेली आहे म्हणून चुलीवर भाकरी आहेच असे नाही, आणि किती आहेत हे तर मुळीच कळत नाही. माणसाच्या पेशीत अशा सुमारे वीस हजार कृती आहेत. त्यातल्या कोणत्या पेशीने आज कोणती भाकरी थापली, किती थापल्या, कुणाच्या ताटात वाढली, हे बघायचे तर प्रथिनेच मोजावी लागतात. या शास्त्राला प्रोटिओमिक्स म्हणतात. मुंबईच्या पवईला आयआयटीत यावर काम करणारी प्रयोगशाळा आहे.

त्याचे मुख्य यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. सोप्या भाषेत, अतिशय बारीक वजनकाटा. पेशीतली सगळी प्रथिने काढून त्यांचे ठरावीक जागी तुकडे करतात, त्या तुकड्यांवर विजेचा भार चढवून ते यंत्रात उडवतात आणि प्रत्येकाचे वजन करतात. वजनावरून तुकडा ओळखायचा, तुकड्यांवरून मूळ प्रथिन. मोठी प्रथिने न मोडता हवेत उडवून तोलायची युक्ती शोधल्याबद्दल २००२ साली जॉन फेन आणि कोइची तानाका यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तानाका तर एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीतले साधे इंजिनिअर.

पण दोन पेशींचे बोलणे ऐकायचे म्हणजे टी-पेशी आणि कॅन्सरच्या पेशी एकाच बशीत ठेवायला हव्यात. मग त्या बशीत सापडलेले प्रथिन कुणी बनवले, हिने की तिने? यावर जी युक्ती निघाली ती गोठा असलेल्या माणसाला लगेच पटेल. एका पेशीला वेगळा चारा घालायचा. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. त्यातली एक-दोन अमिनो आम्ले नेहमीपेक्षा किंचित जड कार्बनची बनवून एका जातीच्या पेशींना आठवडाभर खाऊ घालतात. त्या पेशींचे प्रत्येक प्रथिन मग थोडे जड होते. काम तेच, रूप तेच, फक्त वजनात फरक. दुसऱ्या जातीच्या पेशींना साधा चारा. दोघींना एकत्र सोडायचे आणि नंतर सगळे काट्यावर घालायचे. जड तुकडा या गोठ्यातला, हलका त्या गोठ्यातला. डेन्मार्कमध्ये मथायस मान यांच्या गटाने २००२ साली ही पद्धत जाहीर केली. दोन पेशी एकमेकींना भेटल्यावर कुणाच्या आत काय बदलते, हे अशा पद्धतीने वेगवेगळे वाचता येते.

दुसरे यंत्र टोलनाक्यासारखे आहे. त्याला फ्लो सायटोमीटर म्हणतात. पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून सोडतात. प्रत्येक प्रथिनाला वेगळ्या रंगाचे चमकणारे लेबल आधीच चिकटवलेले असते. कोणत्या पेशीवर किती पीडी-१ आहे, हे हजारो पेशींचे काही मिनिटांत कळते. या यंत्राचा एक निष्कर्ष पुढे आपल्याकडच्या गरीब पेशंटच्या फार उपयोगी पडला.

रिपोर्टवरचा आकडा कुठून येतो

पेशंटच्या रिपोर्टसाठी मात्र एवढी मोठी यंत्रे लागत नाहीत. बायोप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. लॅबवाले त्याला 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉकचा कागदाहून पातळ काप काचेवर घेऊन त्यावर पीडी-एल-१ लाच चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो. पॅथॉलॉजिस्ट डोळ्याने बघून रंगलेल्या पेशी मोजतात. काचेवर निदान शंभर शाबूत कॅन्सर पेशी असाव्या लागतात, नाहीतर मोजणी धरत नाहीत.

मोजायच्या दोन रीती आहेत आणि गोंधळ इथेच होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बहुधा 'टीपीएस' देतात. शंभर कॅन्सर पेशींपैकी किती रंगल्या, एवढेच त्यात असते. तोंड-घशाच्या आणि जठराच्या कॅन्सरमध्ये 'सीपीएस' बघतात. त्यात रंगलेल्या कॅन्सर पेशींबरोबर आसपासच्या रंगलेल्या पांढऱ्या पेशीही धरतात. म्हणून एकाचा टीपीएस २० आणि शेजारच्याचा सीपीएस २० हे सारखे नव्हेत. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट टाकून तुलना करण्यात अर्थ नाही.

हा आकडा सोन्याच्या तोळ्याइतका पक्काही नसतो. गाठीचा एक कोपरा रंगतो, दुसरा कोरा राहतो. पीडी-एल-१ च्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे जाड आवरण असते. ती साखर अँटिबॉडीला आड येते, त्यामुळे प्रथिन असूनही रंग कमी चढू शकतो. काचेवरची साखर आधी काढून टाकली तर रंग जास्त उमटतो, हे २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. ब्लॉक फार जुना असेल तरी डाग फिका पडतो.

यातली एक गोष्ट थेट नातेवाइकांच्या हातात असते. तालुक्याच्या ठिकाणी बायोप्सी घेतली की बऱ्याचदा बाटली त्यांच्याच हाती देऊन 'जिल्ह्याच्या लॅबमध्ये द्या' असे सांगतात. त्या बाटलीत फॉर्मेलिन आहे ना, तुकडा त्यात पूर्ण बुडाला आहे ना, हे विचारून घ्यावे. साध्या पाण्यात किंवा कोरड्या बाटलीत ठेवलेला तुकडा सडतो आणि त्यातली प्रथिने मोडून जातात. बाटली लग्न-कार्याच्या गडबडीत चार दिवस फडताळात पडून राहिली तरी तपासणी बिघडते. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये पोहोचवावी.

औषध किती जणांना लागू पडते

पीडी-१ अडवणारी दोन औषधे आपल्याकडे जास्त ऐकू येतात, पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. दोन्ही सलाइनमधून देतात. ती कॅन्सरला थेट मारत नाहीत. टी-पेशीच्या ब्रेकवर झाकण बसवतात, मारायचे काम टी-पेशी करतात.

तोंड-घशाचा कॅन्सर केमोनंतरही पुन्हा वाढला अशा ३६१ रुग्णांवर निवोलुमॅबचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर शंभरातले ३६ जण हयात होते. जुन्या उपचारांवर सुमारे १७. गाठ ठळकपणे आटली ती शंभरातल्या तेराच जणांची. म्हणजे फायदा खरा आहे, पण बहुतेकांची गाठ आटत नाही. का, याचे उत्तर शोधण्यासाठीच प्रथिनांचा एवढा खटाटोप चालला आहे. काही गाठी दारातला घासच उचलून घेतात, मग पहारेकऱ्याला काही दिसत नाही. काही गाठींत टी-पेशी शिरतच नाहीत. काही गाठी पीडी-एल-१ चे बारीक फुगे रक्तात सोडतात आणि टी-पेशीला वाटेतच थंड करतात. अशा ठिकाणी एक ब्रेक सोडवून भागत नाही. उलट, आकडा शून्याजवळ असूनही काहींना गुण येतो.

पैशाचा प्रश्न तर आणखी अवघड. पूर्ण मात्रेत ही औषधे काही महिने घ्यायची तर खर्च लाखांच्या घरात जातो. तोंड-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी मान्य असलेले उपचार आपल्यासारख्या देशांत शंभरातल्या एक ते तीन रुग्णांनाच परवडतात, असे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. आणि तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे कुणाला होतो, तर तंबाखू-चुना मळणाऱ्याला, मावा-खर्रा खाणाऱ्याला, मिश्री लावणाऱ्या बायांना. गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपरीवर काय मिळते ते सांगायला नको.

त्या टोलनाक्याच्या यंत्राचा निष्कर्ष इथे कामी आला. निवोलुमॅबच्या अगदी पहिल्या चाचणीत, २०१० साली, रुग्णांच्या टी-पेशींवरची प्रथिने मोजली होती. मात्रा कमी असो की जास्त, रक्तातल्या टी-पेशींवरचे सत्तर टक्क्यांहून अधिक पीडी-१ दोन महिने आणि त्याहून जास्त काळ औषधाने झाकलेले दिसले. ब्रेक थोड्या औषधात झाकला जात असेल तर एवढी मोठी मात्रा कशाला, हा प्रश्न टाटाच्या डॉक्टरांनी हाती घेतला. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या स्वस्तातल्या गोळ्या. १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि थोडे निवोलुमॅब. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात १६ हयात होते, दुसऱ्या गटातले ४३. २०२२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर जगभर त्याची चर्चा झाली. हे रुग्ण बरे होण्याच्या टप्प्यापलीकडचे होते, हे विसरता कामा नये. त्यांना मिळाले ते जास्तीचे महिने. पण ज्या घराने एकर विकायला काढला आहे त्या घराने 'कमी मात्रेचा पर्याय आमच्या पेशंटला चालेल का' एवढे विचारायला काहीच हरकत नाही. सगळ्या कॅन्सरना तो लागू नाही. ठरवायचे डॉक्टरांनीच.

'इम्युनिटी'ची पावडर आणि खरी इम्युनोथेरपी

बाजारात दुसराच धंदा चालतो. 'प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सर पळवा' म्हणत डबे विकले जातात आणि इम्युनोथेरपी हा शब्द कानावर पडलेला माणूस फसतो. वर सांगितलेले लक्षात घेतले तर त्यातली खोट दिसते. या पेशंटच्या टी-पेशी अशक्त झालेल्या नसतात, त्यांचा ब्रेक दाबून धरलेला असतो. ब्रेक दाबलेल्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल वाढवून तो पुढे जात नाही. पीडी-१ वरचा हात काढणारी कोणतीही पावडर, रस किंवा काढा आजवर सिद्ध झालेला नाही. डबा घेणाऱ्याचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन महिने जातात.

मुंबईत तयार झालेली कार-टी ही वेगळी गोष्ट आहे. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या कामातून ती उभी राहिली. तिच्यात पेशंटच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ हे प्रथिन ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. सीडी-१९ काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर असते. तोंडाच्या गाठीवर ते नसते, म्हणून ती थेरपी तिथे चालत नाही. बातमी वाचून तोंडाच्या पेशंटला तिकडे नेण्याची घाई करू नये.

ब्रेक काढण्याचे दुखणेही असते. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर हल्ला करतात. औषध घेतल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, जुलाब थांबेनात, धाप लागली, डोळे पिवळे झाले, अंगभर पुरळ उठले तर गावात जुलाबाची गोळी घेऊन वाट बघू नये. ज्या दवाखान्यात औषध दिले तिथे त्याच दिवशी फोन करावा आणि गावातल्या डॉक्टरलाही 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे आधी सांगावे. याचा उपचार वेगळा असतो, बऱ्याचदा स्टिरॉइड द्यावे लागते. वेळेत दिले तर बहुतेक जण सावरतात.

दवाखाना बदलायचा असेल, दुसरे मत घ्यायचे असेल तर फाइलबरोबर लॅबमधून ब्लॉक आणि काचाही मागून घ्याव्यात. त्या मिळतात, पावती करून देतात. ब्लॉक मेणाचा असतो, म्हणून तो उन्हात तापलेल्या गाडीत किंवा चुलीजवळ ठेवू नये. योजनेत कोणता उपचार बसतो हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि रिपोर्ट दाखवून विचारता येते. आणि तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास असे काही असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. त्या टप्प्यावर गाठ लहान असते, शस्त्रक्रियेने निघते आणि पीडी-एल-१ च्या कागदाची गरज बहुधा पडत नाही.